कोर्टातलं भूत शोधायला निघण्याआधी केस वाचा

जिल्हा न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये मी सत्तावीस वर्षं काढली. जुन्या कोर्टात फाशी झालेल्याचं भूत फिरतं असं कुणी सांगितलं, की माझा पहिला प्रश्न असतो : निकालाची तारीख काय? कलकत्ता हायकोर्टाच्या लांबलचक कॉरिडॉरबद्दल असं पुष्कळ बोललं जातं. त्याला महाराजा नंदकुमारांचं, म्हणजे 1775 मध्ये कलकत्त्यात फाशी दिलेल्या बंगालच्या एका बड्या अधिकाऱ्याचं, नाव जोडलेलंही मी ऐकलंय. अशा गोष्टीचा माग काढायचा असेल तर याच प्रकरणावर हात बसवा.

आधी कागदावर तीन जागा लिहा : खटला कुठे चालला, फाशी कुठे झाली आणि आज भूत कुठे दिसतं म्हणतात. या तीन जागा एकच असतील असं गृहीत धरू नका. नंदकुमारांचा खटला जून 1775 मध्ये कलकत्त्याच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात, जुन्या कोर्ट हाउसात चालला. ती इमारत 1792 मध्ये पाडली. तिथे आता 1818 मध्ये उघडलेलं सेंट अँड्र्यूज चर्च आहे, रायटर्स बिल्डिंगला लागूनच. फाशी 5 ऑगस्ट 1775 ला, खिदिरपूरच्या बाजूला कुली बाजार म्हणत तिथे झाली. आणि आजची हायकोर्टाची इमारत 1872 ची! ज्या जिन्यावरून ते कधी चढलेच नाहीत, तिथे त्यांना फिरवणं मला पटत नाही.

मग कागद. नाव एकाच स्पेलिंगने शोधलंत तर हाती काही लागणार नाही. इंग्रजांनी नंदकुमारांचं ‘नुनकोमार’ केलं, ‘नंदोकोमार’ही केलं. खटल्याचा वृत्तांत 1776 मध्ये लंडनला छापला गेला, तोही अशाच नावाने. आपल्याकडच्या एखाद्या कोर्टाची गोष्ट असेल तर नक्कल अर्ज करा. वर्ष आणि केस नंबर असेल तर बरं. नसेल तर आरोपीचं नाव आणि गावही पुरतं, पण रेकॉर्ड कीपरला वेळ द्या. लाल कापडाचा बस्ता सोडताना गाठ कधी कापू नका, नखाने उकला. आतला कागद पापडासारखा मोडतो. पानं उलटताना बोट ओलं करायचं नाही. निकालपत्राआधी रोजनामा वाचा. आरोपीला वकील कधी मिळाला, साक्षीदार कधी फिरला, हे सगळं तिथे तारीखवार सापडतं.

वाचताना एकच गोष्ट धरून ठेवा : शिक्षा होण्याआधी काय घडलं होतं? नंदकुमारांनी मार्च 1775 मध्ये गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर लाच घेतल्याचा आरोप केला. 6 मे रोजी नंदकुमारच पकडले गेले, बुलाकीदास नावाच्या सावकाराच्या जुन्या कर्जरोख्यात खोटेपणा केला म्हणून. बनावट दस्तऐवजासाठी देहान्त, हा कायदा इंग्लंडातला. ज्यूरीतले बाराही जण युरोपीय किंवा अँग्लो-इंडियन. सरन्यायाधीश एलिजा इम्पे. फाशी थांबवण्याचा अधिकार कोर्टाला होता, तो वापरला गेला नाही. मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती, आणि त्यासाठी कुठलं भूत लागलं नाही.

प्रत्यक्ष जाल तेव्हा कामकाजाच्या दिवशी, मधल्या सुट्टीत जा. आत कॅमेरा काढू नका, कोर्ट चालू असताना दार लोटू नका. पक्षकार बाकावर बसलेले असतात, त्यांच्या आयुष्यातला तो वाईट दिवस असू शकतो. त्यांच्यासमोर भुताचा विषय नको. जुन्या पट्टेवाल्याशी किंवा पहारेकऱ्याशी मात्र निवांत बोला. आवाज येतात म्हणाला तर कुठल्या खोलीत, किती वाजता, वर माळा आहे का, कबुतरं शिरतात का, ते विचारा. त्याला खोटं पाडायला जाऊ नका. रात्रपाळीला एकट्याने त्या व्हरांड्यात बसणं सोपं नसतं, मी आमच्याकडच्या माणसांना पाहिलंय.

कलकत्त्यात असाल तर शेवटी हायकोर्टातून चालत त्या चर्चच्या कोपऱ्यावर या. समोरून दक्षिणेला जाणाऱ्या रस्त्याचं नाव आता हेमंत बसू सरणी आहे, पण जुनी माणसं अजून ओल्ड कोर्ट हाउस स्ट्रीट म्हणतात. त्या खटल्याच्या जागेची खूण आता त्या नावातच आहे.