डायव्हर घड्याळाच्या चावीची नळी घरी बदलताना

पाण्यात वापरायच्या (डायव्हर) घड्याळात चावी आणि केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची पेटी, यांच्यामध्ये धातूची एक बारीक नळी बसवलेली असते. नळीच्या बाहेरच्या अंगावर आटे पाडलेले असतात आणि त्यांवर चावी फिरवून आवळली जाते. नळीच्या पोकळीतून चावीचा दांडा, म्हणजे स्टेम, आत मशीनपर्यंत जातो, आणि चावीच्या पोटातली रबरी कडी याच नळीवर घट्ट बसून पाणी अडवते. ही नळी झिजली की घड्याळाच्या मागच्या झाकणावर २०० मीटर कोरलेले असले तरी त्याला अर्थ उरत नाही. नळीचा सुटा भाग स्वस्त असतो, मात्र ती बदलण्याच्या कामात केसमधले भोक बिघडले तर केसच बदलावी लागते. म्हणून या कामात खरी काळजी त्या भोकाची घ्यायची असते, आणि पुढे सांगितलेली बहुतेक पथ्ये त्याच्यासाठीच आहेत.

आधी दोष नळीचाच आहे याची खात्री करून घ्यावी. चावी आवळताना मध्येच सटकते, दोन-तीन वेढे घेतल्यावर उसळून बाहेर येते किंवा आवळल्यावरही हलते, ही लक्षणे नळीचे आटे गेल्यावर दिसतात, तशीच ती चावीच्या आतले आटे गेल्यावरही दिसतात. चावी बदलणे सोपे असल्यामुळे दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली प्रथम दोन्हीकडचे आटे पाहावेत. नळीवरच्या आट्यांचे माथे चपटे झालेले, एका बाजूला कललेले किंवा पहिलाच आटा तुटलेला दिसला, तर दोष नळीचा. आटे चांगले असून नळी केसमध्ये किंचित फिरत असेल, तर तिची बैठक सैल झाली आहे आणि तीही काढूनच पुन्हा बसवावी लागेल. काचेखाली वाफ दिसते एवढ्यावरून मात्र नळीला दोष देऊ नये, कारण काचेची किंवा मागच्या झाकणाची गास्केट, म्हणजे पाणी अडवणारी कडी, खराब झाल्यावरही तेच होते.

नळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. रोलेक्ससारख्या घड्याळांत नळीच्या खालच्या अंगालाही आटे असतात आणि ती केसमध्ये स्क्रूसारखी आवळलेली असते. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक डायव्हर घड्याळांत ती दाबून बसवलेली असते, म्हणजे भोकापेक्षा नळी अगदी किंचित जाड ठेवून तिला जोराने आत सरकवलेले असते, आणि बरेचदा जोडीला चिकटद्रव्यही असते. पहिला प्रकार योग्य किल्ली मिळाल्यास सोपा आहे. अशा नळीच्या आतल्या बाजूला खाचा असतात, त्यांत बसणारी दातेरी किल्ली घालून नळी डावीकडे फिरवली की ती सुटते. नवी नळी आट्यांवर आटे पक्के करणाऱ्या लॉकटाइट २४३ सारख्या मध्यम ताकदीच्या द्रव्याचा अगदी थोडा लेप देऊन आवळायची असते. या लेखातले उरलेले विवेचन दाबून बसवलेल्या नळीचे आहे, कारण घरी दुरुस्तीला येणारी घड्याळे बहुधा त्याच जातीची असतात. जुन्या, संग्राह्य घड्याळावर मात्र हा प्रयोग करू नये; त्याची मूळ केस परत मिळत नाही.

नवी नळी मागवण्यापूर्वी चार मापे हवीत: केसच्या भोकात बसणाऱ्या भागाचा व्यास, आट्यांचा बाहेरचा व्यास, आतल्या पोकळीचा व्यास आणि केसबाहेर राहणारी उंची. यांपैकी पहिले माप जुनी नळी निघाल्यावरच नक्की कळते, म्हणून काम दोन टप्प्यांत करण्याची तयारी ठेवावी आणि घाईने भाग मागवू नये. शक्य असेल तर नळी आणि चावी जोडीनेच घ्यावी, कारण दोन कारखान्यांच्या आट्यांचे अंतर जुळेलच असे नाही, आणि जुळत नसलेली चावी नवी नळी काही दिवसांत खाऊन टाकते. उंचीकडे विशेष लक्ष द्यावे. नवी नळी जुनीपेक्षा अर्धा मिलिमीटर जरी जास्त बाहेर राहिली, तरी स्टेमची लांबी अपुरी पडते आणि चावी वेळ लावण्याच्या स्थितीत नीट येत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी केस पूर्णपणे रिकामी करावी. मागचे झाकण उघडून स्टेम सोडवावा. त्यासाठी मशीनवरचा छोटा खळगा किंवा बटण किती आणि चावी कोणत्या स्थितीत असताना दाबायचे, हे प्रत्येक मशीनच्या तांत्रिक पुस्तिकेत दिलेले असते. एनएच३५ सारख्या सर्रास मिळणाऱ्या मशीनची पुस्तिका सहज उपलब्ध आहे आणि ती वाचल्याशिवाय बटणाला हात लावू नये, कारण चुकीच्या स्थितीत जोर दिला तर चावीखालची यंत्रणा जागा सोडते आणि मग तबकडी काढून ती पुन्हा जुळवावी लागते. मशीन धुळीपासून सुरक्षित डब्यात ठेवावे. त्यानंतर काच, काचेभोवतीची फिरती कडी आणि सर्व गास्केटही काढाव्यात. हे कंटाळवाणे वाटते, पण पुढे अ‍ॅसिटोन वापरायचे आहे. अ‍ॅसिटोनने अ‍ॅक्रिलिकची काच खराब होते, आणि आटे पक्के करणारी द्रव्येही काही प्लास्टिकना तडे पाडतात.

आता जुनी नळी काढण्याचे मुख्य काम. पक्कडीने बाहेरचे टोक धरून पिळणे हा सर्वांना पहिल्यांदा सुचणारा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. नळीची भिंत पातळ असल्यामुळे ती चपटी होते, मग तुटते, आणि तुटलेला काठ भोकाच्या भिंतीवर लांबट ओरखडे पाडतो. आतून ठोकून बाहेर काढावी, तर केसची समोरची भिंत आडवी येते आणि सरळ ठोका बसत नाही. म्हणून ओढून काढणे हाच मार्ग उरतो. त्यासाठी बाजारात खास ओढणी, म्हणजे नळी खेचून काढायचे हत्यार, मिळते, पण ती साध्या वस्तूंतूनही जुळवता येते. नळीच्या आतला व्यास सुमारे २ मिमी असेल, तर २.५ मिमीचा टॅप, म्हणजे भोकाच्या आतून आटे पाडायचे हत्यार, घ्यावा. त्यासाठी २.०५ मिमीचे भोक लागते, त्यामुळे पोकळी किंचित मोठी करून नळीच्या आतून आटे पाडता येतात. टॅप फिरवताना तेलाचा थेंब द्यावा आणि दर अर्ध्या वेढ्यानंतर उलटा फिरवून चुरा मोडावा, कारण टॅप आत तुटला तर तो कडक पोलादाचा तुकडा काढणे नळी काढण्याहून अवघड असते. मग पितळेचा एक छोटा बुश, म्हणजे पोकळ दंडगोल, ज्याचे भोक नळीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा मोठे आहे, तो नळीभोवती केसच्या बाजूवर उभा करावा. त्याखाली केसवर ओरखडा येऊ नये म्हणून चामड्याची किंवा जाड प्लास्टिकची चकती घालावी. बुशमधून २.५ मिमीचा बोल्ट नळीत आवळून त्यावर वॉशर आणि नट बसवावा. नट फिरवला की बोल्ट वर खेचला जातो आणि त्यासोबत नळीही सरळ रेषेत बाहेर येते.

ज्या घड्याळांची चावी तीनच्या रेषेत नसते, तिथे थोडी जास्त दक्षता लागते. १९९६ ते २०१९ या काळात विकल्या गेलेल्या सेको एसकेएक्स००७ ची चावी चारच्या जवळ आहे. तिच्या दोन्ही बाजूंना संरक्षक उंचवटे असल्याने बुश टेकवायला सपाट जागा मिळत नाही. अशा ठिकाणी बुशच्या तळाला कानशीने उंचवट्यांच्या आकाराचा खाचा पाडून घ्यावा. ओढण्याची दिशा नळीच्या अक्षापासून ढळली, तर नळी भोकात अडकते आणि भोक लंबगोल होते.

ओढणीला नळी दाद देत नसेल, तर आत चिकटद्रव्य आहे असे समजावे. अशा वेळी केस बराच वेळ अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवल्याने थोडा फरक पडतो. जास्त ताकदीची द्रव्ये मात्र सुमारे २५० अंश सेल्सिअस तापल्यावरच हार मानतात. एवढी उष्णता रंगीत लेप असलेल्या केसला कधीच देऊ नये, आणि साध्या स्टीलच्या केसवरही ज्योत फिरवण्यापेक्षा सोल्डरिंग आयर्नचे टोक नळीच्या आत धरून नळीच तापवावी. शेवटचा उपाय म्हणजे नळी ड्रिलने पोखरणे. भोकापेक्षा ०.२ मिमी लहान ड्रिलपर्यंत टप्प्याटप्प्याने जावे, मग उरलेले पातळ कवच सुईने आत मोडून बाहेर काढावे. हे हाताने धरलेल्या ड्रिलने अजिबात करू नये. केस घट्ट बसवता येईल असा लाकडी साचा आणि उभे ड्रिल मशीन नसेल, तर इथे थांबून केस कारागिराकडे द्यावी.

याच टप्प्यावर काही जण तुरटीची युक्ती सुचवतात. गरम पाण्यातल्या तुरटीच्या द्रावणात साधे पोलाद हळूहळू विरघळते आणि पितळ टिकते, हे खरे आहे. चावीत तुटून अडकलेला स्टेमचा तुकडा काढायला हीच युक्ती उपयोगी पडते. पण स्टीलच्या केसमध्ये बसलेल्या स्टीलच्या नळीवर तिचा उपयोग नाही.

नळी निघाली की भोक अ‍ॅसिटोनने धुऊन, टूथपिकला गुंडाळलेल्या कापसाने पुसून, उजेडासमोर भिंगातून पाहावे. गोलाकार फिरलेल्या ओरखड्यांची फारशी चिंता नाही, कारण ते आतून बाहेर जात नाहीत. लांबीच्या दिशेने गेलेला एकही ओरखडा म्हणजे पाण्याला मोकळी वाट आहे, आणि तिथे चिकटद्रव्याने भरून येईल एवढाच तो उथळ आहे का, हे पाहावे लागते. भोक गुळगुळीत करण्याच्या मोहाने रीमर, म्हणजे भोक तासून वाढवणारे हत्यार, घालू नये. भोक एकदा वाढले की त्या मापाची जाड नळी मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नवी नळी बसवण्याआधी ती कोरडी लावून पाहावी. हाताने दाबल्यावर ती जेमतेम टोकापुरती आत जाऊन अडली, तर पकड पुरेशी आहे. सहज आत घसरली, तर पकड केवळ चिकटद्रव्यावर अवलंबून राहील. ते चालते, पण मग दंडगोल भागांसाठी असलेले लॉकटाइट ६३८ सारखे जोडद्रव्यच हवे. बायकांच्या नखांना लावतात तसले पॉलिश किंवा झटपट चिकटणारा साधा गोंद पाण्याच्या दाबाखाली टिकत नाही. दोन्ही पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने तेलमुक्त करावेत. द्रव्याचा पातळ वलयाकार लेप नळीवर द्यावा, भोकात नव्हे. नळी आत शिरताना भोकाचा काठ जास्तीचे द्रव्य बाहेर लोटतो आणि ते पुसता येते. भोकात लावले असते, तर तेच आत केसमध्ये ढकलले गेले असते. नळीच्या पोकळीतून सैलसर जाणारी सरळ पिन घालून नळी लंबरेषेत ठेवावी आणि व्हाइसच्या (शिकंज्याच्या) मऊ जबड्यांमध्ये हळूहळू दाबावी. हातोडी वापरू नये. कडेचा खांदा केसला टेकला की थांबावे, नळीच्या आत आलेले द्रव्य लगेच पुसावे आणि केस २४ तास तशीच ठेवावी. ही द्रव्ये हवा बंद झाल्यावर आणि धातूच्या संपर्काने घट्ट होतात. स्टेनलेस स्टीलवर ती हळू घट्ट होत असल्याने इथे उतावीळपणा महागात पडतो.

त्यानंतर चावीच्या रबरी कडीला सिलिकॉन ग्रीसचा अगदी बारीक थर लावून चावी बसवून पाहावी. आधी ती किंचित डावीकडे फिरवावी; आट्यांची सुरुवात जुळल्याची बारीकशी टिचकी बोटाला जाणवते. तेथून उजवीकडे फिरवल्यास आटे तिरके चढत नाहीत. ही सवय कायमची लावून घेतली तर ही नळी पुन्हा बदलावी लागण्याची शक्यता फार कमी होते.

मशीन परत घालण्यापूर्वीच पाण्याची चाचणी घ्यावी, आणि घरी काम करण्याचा हाच खरा फायदा आहे, कारण चाचणीसाठी मशीनची गरजच नसते. काच, झाकण आणि सर्व गास्केट बसवून, चावी स्टेमशिवाय आवळून, रिकामी केस हाताने पंप करायच्या चाचणी-यंत्रात ठेवावी. पाण्यावर लटकवून ६ बारपर्यंत हवेचा दाब द्यावा, काही मिनिटांनी ती पाण्यात बुडवावी आणि दाब हळूहळू सोडावा. नळीच्या कडेने बुडबुड्यांची साखळी निघाली, तर तिथून हवा जाते आहे. बुडबुडे दिसताच, दाब पूर्ण उतरण्याआधी केस वर उचलावी, नाहीतर आत पाणी शिरते. ६ बार म्हणजे २०० मीटर खोलीचे २० बार नव्हेत. डायव्हर घड्याळांसाठी असलेल्या आयएसओ ६४२५ या मानकात नमूद खोलीच्या सव्वापट दाब दिला जातो आणि त्या दाबाखाली चावीला बाजूने बळ लावूनही तपासले जाते. घरच्या चाचणीनंतर पोहणे ठीक आहे. तारकर्लीला समुद्रात बुडी घेताना ते घड्याळ हातात हवे असेल, तर आधी मोठ्या दाबाचे यंत्र असलेल्या सेवा केंद्रात तपासून घ्यावे.

मशीन बसवताना स्टेमची लांबी पुन्हा जमवावी. नवा स्टेम लांबच ठेवून थोडाथोडा कापावा आणि दर वेळी चावी पूर्ण आवळून, मग वेळ लावण्याच्या स्थितीपर्यंत ओढून पाहावी. लांब स्टेममुळे चावी शेवटच्या वेढ्यात मशीनवर दाब देते, आखूड स्टेममुळे काटे फिरत नाहीत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, झाकण बंद करण्याचे काम वातानुकूलित किंवा निदान कोरड्या खोलीत करावे. दमट हवा केसमध्ये बंद झाली, तर घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवण्याच्या चाचणीत आतून धुके दिसते, आणि निर्दोष नळी विनाकारण पुन्हा काढली जाते.