त्रिमितीय शहर-मॉडेलवर प्रक्रिया करणारे घटक लिहिताना : नवोदितांसाठी काही अनुभव

या क्षेत्रात येण्यापूर्वी मी इमारतींची त्रिमितीय चित्रे पडद्यावर उमटवणारे प्रोग्रॅम लिहीत असे. तिथे इमारत म्हणजे त्रिकोणांची जाळी होती आणि ती डोळ्यांना पटली की काम संपत असे. अर्थयुक्त शहर-मॉडेलमध्ये मात्र प्रत्येक पृष्ठभागाला आपण छप्पर आहोत, भिंत आहोत की जमिनीलगतचा तळ आहोत हे ठाऊक असते. इमारतीला स्वतःचा ओळखक्रमांक, बांधकामाचे वर्ष आणि वापराचा प्रकार असतो. त्यामुळे ‘दक्षिणेकडे उतरणारी किती छपरे सौर पॅनेलसाठी योग्य आहेत’ असा प्रश्न थेट डेटालाच विचारता येतो. हा बदल मनात रुजायला मला काही महिने लागले, आणि नवोदितांनी तेवढा वेळ स्वतःला अवश्य द्यावा.

या क्षेत्रातील मुख्य मानक सिटीजीएमएल हे आहे. त्याची पहिली आवृत्ती २००८ मध्ये, दुसरी २०१२ मध्ये आणि तिसऱ्या आवृत्तीचे संकल्पनात्मक मॉडेल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात हाती येणाऱ्या फायलींमध्ये दुसरी आवृत्ती आजही मोठ्या प्रमाणावर आढळते. तरीही सुरुवात सिटीजेसनपासून, म्हणजे त्याच माहितीच्या जेसन स्वरूपातील मांडणीपासून, करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याची फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून वाचता येते. तिच्यात सर्व बिंदू एकाच यादीत पूर्णांक म्हणून साठवलेले असतात आणि प्रत्येक पृष्ठभाग त्या यादीतील क्रमांकांनी बिंदूंचा निर्देश करतो. खरे निर्देशांक मिळवण्यासाठी प्रत्येक पूर्णांकाला फाइलमध्येच दिलेल्या प्रमाणाने गुणून त्यात स्थानांतर मिळवावे लागते. ही पायरी विसरली की मीटरऐवजी मिलिमीटर मोजले जातात आणि घर डोंगराएवढे होते. सरावासाठी नेदरलँड्समधील सुमारे १ कोटी इमारतींचा थ्रीडीबॅग हा खुला संच उत्तम आहे. त्यात गुणधर्म मूळ इमारतीला आणि त्रिमितीय भूमिती तिच्या उपभागाला जोडलेली असते, त्यामुळे पालक-अपत्य संबंध नीट हाताळण्याची सवय आपोआप लागते.

वाचन, तपासणी, दुरुस्ती, समृद्धीकरण (म्हणजे इमारतींना नवे गुणधर्म जोडणे) आणि साठवण ही कामे वेगवेगळ्या घटकांकडे, म्हणजे स्वतंत्र छोट्या प्रोग्रॅमकडे, सोपवलेली बरी. जावामध्ये वाचन-लेखनासाठी सिटीजीएमएल४जे, आज्ञाओळीवरील छोट्या कामांसाठी सीजेआयओ आणि डेटाबेससाठी थ्रीडीसिटीडीबी ही साधने उपलब्ध असल्याने ती कामे नव्याने लिहीत बसू नये. माझा सर्वाधिक वेळ गेला तो तपासणीवर, आणि तोही ती सुरुवातीला टाळल्यामुळे.

इमारतींच्या उष्णतेच्या गरजेचा अंदाज बांधण्यासाठी मला घनफळ हवे होते. पृष्ठभागांचे त्रिकोण पाडायचे, मूळबिंदू आणि प्रत्येक त्रिकोण यांनी बनणाऱ्या चतुष्फलकांची चिन्हासहित बेरीज करायची, ही त्याची परिचित पद्धत. काही इमारतींचे उत्तर कोटींच्या घरात आणि तेही उणे आले. निर्देशांक लाखांत असल्याने अचूकता हरवत असावी असे समजून मी प्रत्येक इमारत आधी मूळबिंदूजवळ आणली, आकडे लगेच सुसंगत दिसू लागले आणि मी पुढे गेलो. दोन आठवड्यांनी एका सहकाऱ्याने पायाचे क्षेत्रफळ आणि उंची यांच्या गुणाकाराशी ते ताडून पाहिले, तेव्हा बऱ्याच जोडघरांचे घनफळ सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाले. दोन घरांमधली सामाईक भिंत फाइलमध्ये मुळातच नव्हती. कवच, म्हणजे इमारतीला वेढणाऱ्या पृष्ठभागांचे आवरण, उघडे होते आणि उघड्या कवचाचे ‘घनफळ’ मूळबिंदू कुठे आहे यावर अवलंबून राहते. माझ्या उपायाने चूक दुरुस्त झाली नव्हती, ती दिसेनाशी झाली होती. व्हॅल३डिटी या तपासणी-साधनाने तीच फाइल पाहून प्रत्येक दोषी घरापुढे ३०२ हा सांकेतांक दिला असता. त्याचा अर्थच ‘कवच बंद नाही’ असा आहे.

तेव्हापासून समृद्धीकरणाचा कोणताही घटक लिहिताना मी तपासणीत नापास झालेल्या इमारतीला नवा गुणधर्म देत नाही, तिथे नापास होण्याचे कारण नोंदवतो. छपराचा उतार लंब सदिशावरून, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात बाहेर रोखलेल्या दिशेवरून, सहज निघतो, पण पृष्ठभागाचे बिंदू उलट्या क्रमाने दिलेले असतील तर तो सदिश इमारतीच्या आत वळतो आणि उत्तरेचे छप्पर दक्षिणेचे ठरते. मिळालेल्या मूल्यासोबत एकक, पद्धत आणि घटकाची आवृत्ती लिहावी. मूळ ओळखक्रमांक कधीही बदलू नयेत, कारण उद्या दुसरा कोणी आपला डेटा त्याच क्रमांकावरून जोडणार असतो.

नव्याने येणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी एक सराव देतो. १० मीटर बाजूचा घन हाताने लिहावा, त्याचा एक कोपरा मूळबिंदूवर ठेवावा आणि घनफळ १,००० घनमीटर येते याची खात्री करावी. मग मूळबिंदूला न टेकणारी, पूर्वेकडची भिंत काढून टाकावी. उत्तर सुमारे ६६७ येईल, जे पाहून कोणालाही शंका येणार नाही. आता तोच उघडा घन पूर्वेकडे ५ लाख मीटर सरकवावा आणि पुन्हा मोजावे : उत्तर येईल उणे १,६६,६६,०००.