गल्फमध्ये बारावी झालेल्या पोराला सोलापुरात ॲडमिशन घ्यायचंय? मग विमानात बसायच्या आधी हे करा

मागच्या वर्षी बहिणीचा शारजाहून फोन आला, दादा, पोराला डिग्रीला सोलापुरातच टाकावं म्हणतो आम्ही, तू जरा विचारून ठेव. मी म्हटलं त्यात काय एवढं, वालचंद आहे, संगमेश्वर आहे, दयानंद आहे, फॉर्म आणला की झालं. नंतर दोन महिने जुळे सोलापूर ते केगावचं विद्यापीठ, केगाव ते सेतू, सेतू ते नोटरी असे जे फेरे झाले ना, गाडीला पण रस्ता पाठ झाला. म्हणून लिहून ठेवतोय, दुसऱ्या कुणाच्या मामाला तरी उपयोग होईल.

पहिल्यांदा पोराच्या मार्कशीटवर बोर्ड कुठलं आहे ते बघा. शाळा दुबईत असली तरी बोर्ड सीबीएसई असेल तर ते आपलंच बोर्ड, त्याला समकक्षतेचा कागद लागत नाही, मायग्रेशन सर्टिफिकेट आणि टीसी व्यवस्थित असले की पुष्कळ झालं. पण केंब्रिजचं ए लेव्हल, एडेक्सेल, आयबी किंवा अमेरिकन डिप्लोमा असेल तर इथलं कॉलेज पहिलाच प्रश्न विचारतं, हे आपल्या बारावीएवढं आहे का? त्याचं उत्तर म्हणजे इक्विव्हॅलन्स सर्टिफिकेट. हे दिल्लीची असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज देते, सगळे तिला एआययू म्हणतात, आणि अर्ज ऑनलाइन होतो, दिल्लीला जायची गरज नाही. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीनं पण परदेशी शिक्षणाच्या समकक्षतेचे स्वतःचे नियम काढलेत, त्यात डिग्रीला यायचं तर किमान १२ वर्षं शाळा झालेली पाहिजे अशी अट आहे. त्यामुळं कॉलेजला नेमका कुणाचा कागद चालतो ते आधी विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी "हो चालेल" म्हणणारा माणूस सप्टेंबरमध्ये त्या खिडकीवर नसतो, अनुभवाचं बोलतोय.

ए लेव्हलवाल्यांची गंमत अशी की तिथं तीनच विषय घेऊन पोरं मोकळी होतात. एआययू साधारण तीन ए लेव्हल आणि त्याच्या खाली आयजीसीएसईला पाच विषय, त्यात इंग्लिश, असं बघते. म्हणजे दहावीची मार्कशीट पण तेवढीच महत्त्वाची, ती "आता काय लागणार" म्हणून तिकडच्या कपाटात ठेवून येऊ नका. आमच्या बहिणीनं नेमकं तेच केलं, मग कुरियर.

आता शिक्क्यांचं. हे सगळ्यात जास्त रखडतं आणि हेच तिकडं असताना सगळ्यात सोपं असतं. अपोस्टिल म्हणजे एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर खरे मानायचा देशादेशांतला करार. यूएई, कतार, कुवेत हे देश त्या करारात नाहीत, त्यामुळं तिथल्या मार्कशीटवर आधी तिथल्या शिक्षण खात्याचा, मग परराष्ट्र खात्याचा आणि शेवटी भारतीय दूतावासाचा शिक्का अशी साखळी असते. ओमान, बहारीन आणि २०२२ पासून सौदी अपोस्टिलवाले आहेत, भारत तर २००५ पासून आहे, त्यामुळं या तीन देशांत एक स्टिकर लागला की काम भागतं. घरचे सगळे परत आल्यावर हे करायचं म्हटलं तर एजंट गाठावा लागतो आणि तो किती मागेल याला धरबंध नसतो. तिकीट काढायच्या आधी शिक्के, हे डोक्यात फिट करा.

नावाचा घोळ तर विचारूच नका. आपल्याकडं फॉर्मवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि परत आईचं नाव वेगळं. तिकडच्या शाळेत नुसतं नाव आणि आडनाव. पासपोर्टवर एक, मार्कशीटवर दुसरं, आधारवर तिसरं. स्पेलिंगमधलं एक अक्षर इकडं तिकडं असलं तरी आम्हाला प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलं, बाँड पेपर, नोटरी, सगळं. आधारचं म्हणाल तर भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआय पोराला इथं आल्या आल्या काढता येतं, १८२ दिवस थांबायची अट त्याला नाही. पोराचा पासपोर्टच परदेशी असेल, म्हणजे ओसीआय (भारतीय वंशाचा परदेशी नागरिक) वगैरे, तर मात्र १८२ दिवस राहिल्याशिवाय आधार नाही. आणि आधार नसलं की एबीसी आयडी (पोराच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याचा नंबर) अडतो, जो आता कॉलेजं सर्रास मागतात. एकात एक अडकलेलं आहे सगळं.

साधं बीए, बीकॉम, बीएस्सी करायचं असेल तर वरचे कागद झाले की बहुतेक काम झालं. कॉलेज प्रोव्हिजनल ॲडमिशन देतं, मग फाइल एलिजिबिलिटीसाठी, म्हणजे पात्रता तपासायला, केगावला विद्यापीठात जाते. आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ ला शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालं, तेव्हापासून निदान कोल्हापूरला पळायचं वाचलं. बीबीए, बीसीएला मात्र २०२४ पासून सीईटी आहे, ते पूर्वीसारखं थेट राहिलेलं नाही, बऱ्याच जणांना अजून माहीत नसतं.

इंजिनिअरिंगला वालचंद इन्स्टिट्यूट असो नाहीतर ऑर्किड, एमएचटी-सीईटी द्यावीच लागते किंवा जेईई मेन. सीईटीत फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, मॅथ्स ५० प्रश्न, मॅथ्सला दोन दोन मार्क, एकूण २००, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला बरं वाटतं, पण अभ्यासक्रम आपल्या स्टेट बोर्डाचा असतो, आणि आमच्या भाचेसाहेबांनी ए लेव्हलला केमिस्ट्री सोडून कॉम्प्युटर घेतलेला. आता ५० प्रश्न कोरे सोडणार का? चार महिने अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीची पुस्तकं घेऊन बसवला बाबाला, व्हिडिओ कॉलवर. डोमिसाईलचं पण बघून ठेवा. दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेली नसली तरी आई किंवा वडिलांचं महाराष्ट्राचं डोमिसाईल असेल तर इंजिनिअरिंगला टाईप बी म्हणून राज्याच्या जागांसाठी धरतात, आणि हा कागद सेतूत निघतो. शिवाय गल्फमधल्या कामगारांच्या मुलांसाठी काही जास्तीच्या जागा असतात, त्याला वडिलांचा तिकडचा रेसिडेन्स व्हिसा आणि नोकरीचा कागद लागतो. व्हिसा रद्द करून परत यायच्या आधी त्याची झेरॉक्स काढा, नंतर सांगू नका सांगितलं नाही म्हणून.

मेडिकलबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. नीटची परीक्षा तर द्यायचीच, ती दुबई, कुवेत, दोहाला पण होते, त्यात अडचण नाही. अडचण कोट्याची आहे. वैशंपायन मेडिकलसारख्या सरकारी कॉलेजात ८५ टक्के जागा राज्याच्या, आणि त्यासाठी डोमिसाईलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास पाहिजे. थोडे अपवाद आहेत ते माहितीपुस्तिकेत वाचा, पण गल्फमधली सीबीएसई सुद्धा यात बसत नाही, कारण इथं बोर्ड बघत नाहीत, शाळा कुठं झाली ते बघतात. मग राहतो १५ टक्के ऑल इंडिया कोटा, नाहीतर खाजगीतल्या एनआरआय जागा, ज्यांची फी ऐकून माणूस खाली बसतो. म्हणून पोरीला डॉक्टर करायचं पक्कं असेल आणि ती आत्ता आठवी-नववीत असेल तर आजीकडं पाठवा, दहावी-बारावी दोन्ही इथंच करू द्या. आईबापाला जड जातं, मला कळतं, पण बारावीनंतर कळून उपयोग नाही.

वेळेचं गणित शेवटी सांगतो. आयबीचा निकाल जुलैच्या सुरुवातीला येतो, केंब्रिजच्या जून सिरीजचा, म्हणजे जूनच्या परीक्षेचा, थेट ऑगस्टच्या मध्यात. आपल्याकडं तोपर्यंत ॲडमिशनच्या फेऱ्या निम्म्या होऊन जातात. केंब्रिजची ऑक्टोबर-नोव्हेंबर सिरीज देता आली तर निकाल जानेवारीत हातात, त्यावर एआययूचं काम पण निवांत होतं. शाळेला अकरावीतच विचारून ठेवा जमेल का.

आणि हो, एक राहिलंच. फॉर्मवर नाव देवनागरीत पण भरायचं होतं. भाच्यानं स्वतःच्या नावात वेलांटी चुकवली, आडनावाला अनुस्वार दिला, माझ्यासमोर तीन वेळा खाडाखोड, आणि काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या दुसरा फॉर्म आणा. तेवढं घरी गिरवून घ्या.