इम्पीडन्स पडला म्हणजे इलेक्ट्रोड चांगला झाला असं नाही, या चुका टाळा

न्यूरल प्रोबवर (मेंदूतले विद्युत सिग्नल टिपणारी बारीक सुई, तिच्यावर छोटे इलेक्ट्रोड पॅड असतात) पेडॉट-पीएसएस (वीज वाहणारं पॉलिमर), कार्बन नॅनोट्यूब नाहीतर सोन्याचे नॅनोकण चढवायचे, सलाईनमध्ये १ किलोहर्ट्झला इम्पीडन्स (एसी करंटला होणारा विरोध) मोजायचा, आकडा खाली आला की खूश होऊन थेट रेकॉर्डिंगला पळायचं. नवीन येणारा जवळजवळ प्रत्येकजण हेच करतो आणि मग सिग्नल का येत नाही म्हणून विचारायला येतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कोटिंग पॅडच्या बाहेर वाढू देणं. माझ्याच १६ चॅनेलच्या प्रोबवर हे झालं होतं. सोन्याचं डिपॉझिशन (करंट देऊन थर चढवणं) "अजून थोडं, अजून थोडं" करत चालू ठेवलं, आकडे झकास आले, आणि रेकॉर्डिंगमध्ये शेजारशेजारच्या तीन चॅनेलवर तेच स्पाइक (न्यूरॉनचे क्षणिक सिग्नल), त्याच क्षणाला, त्याच आकाराचे. मला वाटलं मोठा न्यूरॉन सापडलाय, दोन आठवडे सॉर्टिंग (कुठला स्पाइक कुठल्या न्यूरॉनचा ते वेगळं करणं) करत बसले. शेवटी प्रोब मायक्रोस्कोपखाली धरला तर सोनं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं इन्सुलेशनवर पसरून तिन्ही पॅड एकमेकांना चिकटलेले. आणि सगळ्यात कमी इम्पीडन्स त्याच तिघांचा होता! असणारच, तीन पॅड पॅरलल जोडले गेले की प्रत्येकाचा आकडा साधारण एक तृतीयांश दिसतो. म्हणजे जे चॅनेल मी सगळ्यात चांगले समजत होते तेच खराब होते.

तेव्हापासून मी कोटिंगनंतर शेजारच्या दोन चॅनेलच्या मधला इम्पीडन्स पण मोजते. दोघांचा वेगवेगळा ४० किलोओहम असेल तर मधे ८०च्या आसपास यायला हवा, तो जवळजवळ शून्य आला तर शॉर्ट आहे, तो प्रोब बाजूला. पाच मिनिटांचं काम आहे, कंटाळा करू नका. डिपॉझिशन घड्याळ लावून थांबवू नका, किती चार्ज गेला ते बघून थांबवा. पॅडचा एरिया बदलला की वेळेचा हिशोब चुकतोच.

दुसरं, इम्पीडन्स किती कमी हवा याचा विचारच कुणी करत नाही. ३७ अंशाला, ७.५ किलोहर्ट्झ बँडविड्थला १ मेगाओहम रेझिस्टन्सचा थर्मल नॉइज ११ मायक्रोव्होल्ट येतो. शंभरपट कमी केलात तर नॉइज दहापटच कमी होतो, कारण तो वर्गमुळाने जातो. त्याच्याही खाली जाऊन काय मिळवणार, मेंदूचा स्वतःचा बॅकग्राउंड नॉइज तिथे असतोच. जाड थराचा हट्ट धरला की तडे मात्र नक्की.

कोटिंग निघून येणं हा पण नेहमीचा घोळ, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा घाणेरडा पॅड असतो. सोनं-प्लॅटिनम असेल तर मी आधी पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये सीव्हीच्या (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे व्होल्टेज वर-खाली फिरवत करंट मोजणं) काही सायकल घेते, कर्व्ह एकावर एक बसायला लागला की धुऊन लगेच डिपॉझिशन, मधे चहाला जायचं नाही. मग ०.६ टक्के अगारोजमध्ये (मेंदूसारखं मऊ जेल) प्रोब घालून बाहेर काढते आणि परत मोजते. जेलमध्ये काळा ठिपका राहिला असेल तर तो मेंदूतही राहिला असता, एवढं लक्षात घ्या. ही टेस्ट गाळणाऱ्यांचं मला खरंच कळत नाही, प्राण्याची सर्जरी करणार आहात तुम्ही!

नॅनोट्यूबवाल्यांनी सॉनिकेशन (अल्ट्रासाउंडने ट्यूब द्रवात मोकळ्या करणं) तासन्‌तास चालू ठेवू नये, ट्यूब तुटून आखूड होतात. आतमधलं लोखंड, निकेलचं कॅटॅलिस्ट काढल्याशिवाय वापरू नका.

फक्त १ किलोहर्ट्झचा आकडा देऊ नका, एलएफपी (लोकल फील्ड पोटेन्शियल, अनेक न्यूरॉनचा मिळून येणारा संथ सिग्नल) बघायचा असेल तर तो ३०० हर्ट्झच्या खाली असतो, पूर्ण स्पेक्ट्रम काढा.

सच्छिद्र कोटिंग नुकतंच पाण्यात घातलं की हवा अडकून इम्पीडन्स जास्त दिसतो. लगेच परत कोटिंग करायला धावू नका, आधी नीट भिजू द्या.

आणि प्लॅटिनम ब्लॅकच्या (प्लॅटिनमचा काळा सच्छिद्र थर) जुन्या रेसिपीत लेड ॲसिटेट असतं. बाटलीवरचं लेबल वाचा, शिसं असेल तर ते इम्प्लांटसाठी वापरूच नका, थर कितीही छान काळाभोर दिसत असला तरी.