नवापूरहून एम.टीएच. करायचं म्हणताय?

आमच्या नवापूर-नंदुरबारकडे ख्रिस्ती मंडळीतलं पोरगं बी.ए. झालं की कोणीतरी म्हणतंच, "सेवेत जायचंय ना? मग सेमिनरी कर." सेमिनरी म्हणजे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, घडवणारं धर्मशास्त्राचं कॉलेज. पण कुठली आणि कशासाठी, हे मात्र कोणी सांगत नाही.

वाटा मुख्यतः दोन. एक पश्चिम बंगालमधल्या सेरामपूरची. तिथल्या कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली, आणि आजही देशभरातल्या अनेक सेमिनरी त्याच कॉलेजच्या सिनेटला, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाला, जोडलेल्या आहेत. तिथे आधी बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, धर्मशास्त्रातली पदवी), मग एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी, त्यातली पदव्युत्तर पदवी). दुसरी वाट एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेची, तिथे पदवीनंतर एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी). पुढे सेरामपूरच्या कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर बी.डी.च धरा. पाळक म्हणून गावीच राहायचं असेल तर तुमच्या मंडळीची संस्था कुठली पदवी मानते ते आधी पाळकसाहेबांना विचारा. शिफारसपत्र त्यांच्याकडूनच लागणार आहे. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्यातलं युनियन बिब्लिकल सेमिनरी. ते १९८३ पर्यंत यवतमाळला होतं.

बायबलच्या नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक, तिची धास्ती घेऊ नका. शाळेत प्रथमा-द्वितीया घोकलेल्या मराठी माध्यमाच्या पोराला ग्रीकच्या विभक्ती आणि तीन लिंगं नवी वाटत नाहीत. इंग्रजी माध्यमवालेच जास्त अडखळतात. जुन्या कराराची हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचायची, तेही महिन्याभरात अंगवळणी पडतं. खरा घाम काढते ती इंग्रजी. ग्रंथ इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, सेमिनारमधला वाद इंग्रजीत. प्रवेशाआधीच्या वर्षात रोज एक पान इंग्रजीत लिहायची सवय लावा, व्याकरण मागाहून सुधारेल.

एम.टीएच.ला शाखा निवडावी लागते: जुना करार, नवा करार, ख्रिस्ती सेवा, मंडळीचा इतिहास, धर्म वगैरे. मी ख्रिस्ती सेवा आणि समुपदेशन घेतलं. यात दवाखान्यात रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दशः लिहायचं असतं, आणि मग वर्गात सगळे मिळून ते सोलतात. 'इथे तुम्ही घाईने प्रार्थनेकडे का वळलात?' असं विचारलं की प्रवचनाची सगळी ऐट उतरते. नवापूरकडच्या चिंचपाड्यासारख्या दवाखान्यात मावची (आमच्याकडची आदिवासी बोली) बोलणाऱ्या आजीपाशी बसलात तर तिचं बोलणं आधी मावचीतच देवनागरीत उतरवा, इंग्रजी त्याखाली. थेट इंग्रजीत लिहिलं की आजी एकदम प्राध्यापकासारखी बोलायला लागते.

माझं मत विचाराल तर बी.डी. झाल्याझाल्या एम.टीएच.ला पळू नका. दोनेक वर्षं पाड्यांवर उपासना घ्या, मयताला जा, ऊसतोडीला गेलेल्या घरांमागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे बसा. प्रबंधाचा विषय तिथेच सापडतो. पण गाईडला मावची येत नसते, म्हणून मुलाखतींचं भाषांतर सुट्टीत गावी असताना, बोलणारा माणूस समोर बसवूनच करून घ्या. पुण्याहून फोनवर विचारू म्हणाल, तर पाड्यावर रेंज नसते.