खानदेशातून सेशेल्सला: शिडाच्या बोटीवरील सहलीची आखणी

शिडाची बोट भाड्याने घेऊन सेशेल्सच्या बेटांमध्ये आठवडाभर फिरायचे असेल, तर सर्वांत आधी महिना ठरवावा. खानदेशात ऊन असह्य होते त्या मे महिन्यात तिकडे आग्नेयेचे जोरदार वारे सुरू होतात आणि ते सप्टेंबरपर्यंत टिकतात. डिसेंबर ते मार्च वायव्येचे वारे व पाऊस असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र बहुधा शांत जातात आणि दिवाळीची सुटी त्यातच येते. वारा पडला की इंजिनावर जावे लागते. तरीही ज्यांचा पाण्याशी संबंध तापी-गिरणेपुरताच आला आहे, त्यांनी शिडाच्या हौसेपेक्षा शांत समुद्र निवडावा, असे माझे मत आहे.

त्यानंतर बोट निवडावी. जोड सांगाड्याची कॅटमरान कमी कलते, त्यामुळे मुले व वडीलधारी सोबत असताना तीच सोयीची. नौकानयनाचा अनुभव नसल्यास बोट चालवणारा कप्तान, म्हणजे स्किपर, घ्यावाच. मात्र बोटीवरील खोल्यांपैकी एक त्याला द्यावी लागेल का, हे आधीच विचारावे. स्किपरचे मानधन व जेवण, इंधन, अनामत रक्कम आणि उद्यानांचे प्रवेशशुल्क भाड्यात धरले आहे की नाही, याचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये.

मार्ग आखताना घाई टाळावी. माहे या सेशेल्सच्या मुख्य बेटापासून प्रालीन बेटापर्यंतचे सुमारे ४५ किलोमीटर अंतर सहा नॉट वेगाने, म्हणजे तासाला ११ किलोमीटरने, चार तासांत कापले जाते. विषुववृत्ताजवळ वर्षभर सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सकाळी निघून चारपर्यंत नांगर टाकावा. प्रालीनवर १९८३ पासून जागतिक वारसा असलेले व्हॅले द मे हे ताडवन, क्युरियूजवर महाकाय कासवे आणि ला दीगवर सायकलफेरी, एवढे आठवड्याला पुरेसे आहे.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण प्रवासपरवानगी ऑनलाइन आधी घ्यावी लागते. जळगाव-भुसावळहून मुंबईला विमानाच्या आदल्या दिवशीच पोहोचावे. कडक सुटकेसला बोटीत जागा नसते, म्हणून घडी होणाऱ्या पिशव्या न्याव्यात. ताज्या भाज्या, फळे व बियाणे नेऊ नयेत. बंद पाकिटातील काळा मसाला, पापड आणि बिबडे यांबाबत सीमाशुल्काचे नियम पाहून घ्यावेत. भरिताचा बेत मात्र घरी परतल्यावरच करावा, कारण बोटीच्या स्वयंपाकघरात धुराला वाट नसते.