डीआरपीला निघालात? मेडिसिनच्या रेसिडेंटनी या चुका टाळा

डीआरपी, म्हणजे पीजी करताना जिल्हा रुग्णालयात काढायचे तीन महिने. माझ्या त्या दिवसांतली पहाटे साडेपाचची वेळ. तिशीतला एक माणूस बायकोच्या खांद्यावर हात टाकून कॅज्युअल्टीत आला. पोटात कळ, दोन उलट्या, घसा धरल्यासारखा. काय झालं विचारलं तर बाई म्हणाली, "पान लागलं जी यायले, रातच्याले."

मी नागपूरची. पान म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पानठेला येतो. खर्रा तर आमच्याकडे रुग्णाच्या खिशात आधारकार्डाच्या आधी सापडतो. मी लिहून टाकलं: तंबाखू, उलट्या, गॅस्ट्रायटिस. पँटोप्राझोल, ओंडानसेट्रॉन, पुढचा रुग्ण. वीस मिनिटांनी सिस्टर शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, पापण्या बघा यांच्या. आणि पान लागलं म्हणजे साप चावला. रात्री नाव घेत नाहीत त्याचं."

पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या, विषाचा लकवा चढत होता. मण्यार. पायावर ना सूज, ना दिसेल अशी खूण. मण्यारीचं हेच आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश मुंगी चावल्याइतकाच जाणवतो आणि पहाटे पोटदुखी घेऊन माणूस येतो. तो वाचला, पण त्याला व्हेंटिलेटरवर ठेवून नागपूरला पाठवावं लागलं. माझी ती वीस मिनिटं मात्र अजून मनातून गेलेली नाहीत.

जिल्हा रुग्णालयातल्या त्या तीन महिन्यांत अशा बऱ्याच चुका केल्या, काही दुसऱ्यांच्या पाहिल्या. सध्या मी नागपुरात एसआर (सीनियर रेसिडेंट) आहे आणि दर सहा महिन्यांनी कोणीतरी जेआर (ज्युनियर रेसिडेंट) विचारतोच, "मॅडम, डीआरपीला काय करायचं असतं?" म्हणून एकदाच लिहून काढते.

ही सुट्टी आहे असं समजणं

डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रामची अधिसूचना सप्टेंबर २०२० मध्ये निघाली आणि २०२१ च्या बॅचपासून तो लागू झाला. आमचीच ती पहिली बॅच. नीट-पीजी ११ सप्टेंबर २०२१ ला झाली, समुपदेशन कोर्टात अडकलं, कॉलेजात पाय ठेवला तेव्हा २०२२ उजाडलं होतं. तीन वर्षांतले सलग तीन महिने, तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात. ते समाधानकारक पूर्ण झाल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही.

हॉस्टेलमध्ये याचा अर्थ लावला गेला: आराम. इमर्जन्सी डे नाही, छत्तीस तासांची ड्युटी नाही, थिसिस लिहून होईल. माझ्या एका बॅचमेटने प्रोजेक्टरच्या आकाराचा स्पीकर बांधून नेला होता. तो कधी उघडला नाही.

सत्र निवडायची मुभा मिळाली तर पाचवं टाळा. थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी सादर करावा लागतो. म्हणजे पाचव्या सत्रात तुम्ही आकडेवारी, गाइडची सही आणि बाइंडिंगवाला यांच्या फेऱ्यांत असता, आणि त्यात साठ किलोमीटरवर पोस्टिंग. तिसरं सत्रही मला तितकंसं पटत नाही, कारण तेव्हा हात पुरेसा बसलेला नसतो. चौथं उत्तम. निघण्याआधी थिसिसचे रुग्ण तीन महिने कोण घेणार, हे सहकाऱ्याशी बोलून ठेवा. "बघून घेईन ना बे" या उत्तरावर विसंबू नका, कन्सेंट फॉर्मचा गठ्ठा त्याच्या हातात द्या.

पहिल्या दिवशी इमारत न फिरणं

कॉलेजात सीटी कुठे आहे हे ठाऊक नसलं तरी चालतं, वॉर्डातले मामा घेऊन जातात. इथे पहिल्याच दिवशी स्वतः फिरा. सर्पदंशाची लस कुठल्या कपाटात आणि त्याची किल्ली रात्री कोणाकडे? लॅब किती वाजता बंद होते? इलेक्ट्रोलाइट्स रोज होतात की मशीनचं किट संपलंय? व्हेंटिलेटर चालू आहे की नुसता प्लगला लावलेला? फिजिशियन सर रात्री कुठल्या नंबरवर उचलतात? मुलींनी ड्युटी रूमची कडी आतून लागते का तेही बघावं. माझ्या खोलीची लागत नव्हती. राहण्या-जेवण्याची आणि सुरक्षिततेची सोय सरकारने करायची असं नियमात लिहिलेलं आहे, ते लेखी मागायला लाजू नका.

आता एक छोटी गोष्ट, पण हिच्यावर मी हटून बसते. काचेची टेस्टट्यूब.

घोणस किंवा फुरसं चावल्यावर रक्त गोठतं का हे बघायची वीस मिनिटांची चाचणी आपण सगळ्यांनी वाचलेली असते. दोन मिली रक्त, ट्यूब हलवायची नाही, वीस मिनिटांनी एकदाच तिरपी करायची. पण ती ट्यूब काचेची, कोरडी आणि नवी हवी. प्लॅस्टिकमध्ये रक्त गोठायला वेळ लागतो, साबणाने धुतलेल्या काचेतही तेच. मग बिनविषारी साप चावलेल्या माणसाचं रक्तही 'गोठलं नाही' दिसतं आणि दहा वायल (कुप्या) लस विनाकारण जाते, वर रिअ‍ॅक्शनचा धोका. आमच्या लॅबमध्ये सगळ्या ट्यूब प्लॅस्टिकच्या. रात्री दोनला टेक्निशियनने तीन कपाटं उपसली आणि शेवटी चहाच्या ग्लासकडे बोट दाखवलं. पुढच्या रविवारी मी नागपूरहून नव्या काचेच्या ट्यूबचं खोकं घेऊन गेले. तुम्ही पहिल्या दिवशीच न्या. लस दिल्यावर सहा तासांनी हीच चाचणी परत करायची असते, त्यामुळे एका रुग्णाला तीन-चार ट्यूब सहज लागतात.

लहान मुलाला लस 'वजनाप्रमाणे' कमी करणं ही दुसरी चूक. सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. डोस मोठ्यांइतकाच.

भाषा येते असं गृहीत धरणं

माझा किस्सा वर आलाच. 'अंगात कसर', 'जीव घाबरा', 'चक्कर' यातल्या प्रत्येकाचा अर्थ दोनदा विचारा. 'चक्कर'मध्ये तर व्हर्टिगोपासून शुगर कमी होण्यापर्यंत काहीही बसतं. आणि सिस्टरना विचारा. वीस-वीस वर्षं त्या वॉर्डात काढलेल्या बाईला तुम्ही 'स्टाफ' म्हणून हाक मारली तर ती तुम्हाला पापण्या दाखवायला येणार नाही.

पुस्तकातला रुग्ण शोधत बसणं

फवारणीच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑरगॅनोफॉस्फेटचे (कीटकनाशकाच्या विषबाधेचे) रुग्ण येतात. चूक ठरलेली: उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिनच्या दोन अँप्युल दिल्या, बाहुल्या मोठ्या झाल्या, थांबलो. बाहुल्यांवर जाऊ नका. आपल्याकडची अँप्युल ०.६ मिलीग्रॅमची, सुरुवातच तीन ते पाच अँप्युलने करायची आणि दर पाच मिनिटांनी दुप्पट, छातीतली खरखर जाईपर्यंत, नाडी आणि बीपी ८० च्या वर येईपर्यंत. दोन अँप्युलमध्ये काही होत नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण बसून चहा पितो, सगळे निर्धास्त होतात, आणि त्याच रात्री श्वास थकतो. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ उशीवरून मान उचलायला सांगा. मान उचलता आली नाही तर त्याच वेळी हालचाल करा, सॅच्युरेशन घसरायची वाट बघू नका.

मण्यारीचं अजून एक. लकवा पूर्ण झाला की रुग्ण डोळे उघडत नाही, हलत नाही, बाहुल्या मोठ्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या. अगदी ब्रेन डेड दिसतो. पण तो ऐकत असतो. त्याच्या पलंगाशेजारी उभं राहून "काही उपयोग नाही" असं बोलू नका आणि हाताने श्वास देणारी अँबू बॅग सोडू नका.

सिकलसेल विदर्भात नवीन नाही, तरी गफलत होते. कार्डावर 'सिकलिंग पॉझिटिव्ह' एवढंच असतं. सोल्युबिलिटी चाचणीतून वाहक आणि रुग्ण वेगळे कळत नाहीत, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. निव्वळ वाहक असलेल्या माणसाच्या छातीतल्या दुखण्याला 'क्रायसिस' म्हणून सलाइन लावून ठेवलेलं मी पाहिलंय. ईसीजी दुसऱ्या दिवशी निघाला. आणि खरा एसएस (वाहक नव्हे, आजार असलेला) रुग्ण वेदनेने तळमळत असताना "नाटक करून राहिला" म्हणणं हे तर अक्षम्य. त्याला पुरेसं वेदनाशामक द्या, सलाइन मोजून द्या, छातीत दुखून सॅच्युरेशन उतरायला लागलं की रक्ताची सोय बघा आणि पाठवा.

ऑगस्टनंतरच्या तापात स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) डोक्यात असू द्या. २०१८ ला नागपूर आणि आसपास त्याची मोठी लाट येऊन गेली. काळी खपली शोधायची तर कपडे सैल करून काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली बघावं लागतं. डॉक्सीसायक्लिन काही रुपयांची गोळी आहे, शंका असेल तर रिपोर्टसाठी थांबू नका. मे महिन्यात काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका, उष्माघातात पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, पाणी आणि पंखा लागतो. एवढं पुरे.

'नागपूरला न्या'

जेआर-वन असताना रात्री तीनला हातात पडणाऱ्या चिठ्ठ्यांना मी मनसोक्त शिव्या दिल्या आहेत. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, पार छिंदवाडा-बालाघाटहून रुग्ण नागपुरात येतात आणि कित्येकदा सोबतच्या कागदावर एकच ओळ असते: 'पुढील उपचारांसाठी रेफर'. डीआरपीला गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी हुबेहूब तीच ओळ लिहिली. बाहेर १०८ उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, नातेवाइकांचा आरडाओरडा, पुढे दोन रुग्ण. तेव्हा कळलं की ती ओळ आळसाने लिहिलेली असतेच असं नाही.

पण त्यावर उपाय आहे: चिठ्ठी शेवटी लिहायची नाही. पाठवायचं मनात आलं की लगेच कागद ओढायचा आणि उपचार करता करता भरत जायचा. फवारणीचं औषध प्यायलेल्या रुग्णाच्या माझ्या एका चिठ्ठीतला मजकूर असा होता:

'औषध पिण्याची वेळ संध्या. ६, बाटली सोबत दिली आहे. अ‍ॅट्रोपिन ७.४५ ला सुरू, आतापर्यंत एकूण ४२ मिलीग्रॅम. छाती साफ. मान उचलतो, एका श्वासात १८ पर्यंत मोजतो. रात्री ११ नंतर मोजणी १८ वरून ९ वर. व्हेंटिलेटर उपलब्ध नाही म्हणून पाठवत आहे.' खाली नाव आणि मोबाइल नंबर.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे १८ वरून ९, म्हणजे श्वास थकत चाललाय. पलीकडच्या जेआरला रुग्ण कुठून कुठे आला ते त्यात दिसतं. सर्पदंशात तसंच: चावल्याची वेळ, किती वायल, कधी, रिअ‍ॅक्शन आली का, गोठण्याच्या चाचणीची वेळ. नाहीतर नागपुरात पुन्हा पहिल्यापासून दहा वायल लागतात.

निघण्याआधी फोन करा. बेड आहे का एवढंच नका विचारू, रुग्ण सांगा. श्वास थकत असेल तर श्वासाची नळी इथेच घाला. हायवेवर धावत्या गाडीत मागच्या सीटवर लॅरिंगोस्कोप धरून बघा एकदा, मग कळेल. आणि नातेवाइकांना रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन जायला सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पुढे तेच विचारतात आणि रात्री दोनला गावाकडून कार्ड मागवण्यात घराचा दुसरा कमावता माणूस अडकतो.

एमएलसीचा (पोलिसांना कळवायच्या मेडिको-लीगल केसचा) कंटाळा

सर्पदंश झालेला शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला दोन लाख मिळू शकतात. त्या अर्जाला तुमच्या हाताने लिहिलेला कागद लागतो. मृत्यूचं कारण म्हणून नुसतं 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून मोकळे झालात, पोलिसांना कळवलं नाही, शवविच्छेदन झालं नाही, तर ती बाई तहसीलच्या पायऱ्या चढत राहते. 'सर्पदंश' हा शब्द स्पष्ट लिहा, वेळेसकट.

सही राहून जाणं

हजेरीपत्रक महिन्याच्या महिन्याला सही करून कॉलेजला पाठवा. विद्यावेतन कॉलेजच देतं, पण हजेरी तिकडून आली तर. लॉगबुक रोज भरा. पूर्णत्वाचा दाखला शेवटच्या आठवड्यातच तयार करून घ्या, शेवटच्या दिवशी नाही. मी शेवटच्या दिवशी गेले. सीएस (सिव्हिल सर्जन) साहेब मीटिंगला मुंबईला. आठवड्याने गणेशपेठहून पहाटेची एसटी पकडून परत गेले, सही मिळाली, आनंदाने नागपूरला आले. कॉलेजच्या बाबूंनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, शिक्का चौकोनी आहे. गोल पायजे."

परत एसटी.